चोरीचा दोष कोणाच्या खाती?

मुंबईच्या लोकलमध्ये ज्याचा मोबाइल जातो, त्याला घरी आणि कचेरीत पहिला प्रश्न ऐकावा लागतो तो ‘लक्ष कुठे होतं?’ हा. चोर कुठे चढला, कुठे उतरला, याची चौकशी क्वचितच होते. पाकीटमारी, साखळीचोरी, रुळांकडेला उभे राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारून मोबाइल पाडणे, अशा किरकोळ समजल्या जाणाऱ्या चोऱ्यांत दोषाचा मोठा वाटा गमावणाऱ्याच्या माथी येतो. अशा फटक्याने तोल जाऊन प्रवाशांनी हातपाय गमावले, तरी ‘दारात उभं राहायचं कशाला’ हे ठरलेलेच.

सावधगिरीचे नियम सर्वांना पाठ असतात आणि त्यांचे मोल नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. खबरदारी न घेणे ही चूक आहे. चोरी हा गुन्हा आहे. एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याच्या गुन्ह्यात वजावट होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीविना अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. मालक जागा होता की डुलकी घेत होता, हे ती व्याख्या विचारत नाही.

याविरुद्धची सर्वांत भक्कम बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२३ च्या एका निकालात सापडते. रेल्वेप्रवासात एकाची लाख रुपयांची रोकड चोरीला गेली. ग्राहक मंचांनी रेल्वेला भरपाई द्यायला लावली होती. प्रवाशाला स्वतःची चीजवस्तू सांभाळता आली नाही तर रेल्वेला जबाबदार धरता येणार नाही, असे म्हणत न्यायालयाने ते आदेश रद्द केले. रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १०० पाहता निष्कर्षाला आधार आहे : पावती करून रेल्वेच्या हवाली न केलेल्या सामानासाठी, कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय, रेल्वे बांधील नाही. प्रत्येक पाकिटाचा विमा रेल्वेने उतरवावा, असे कोणी म्हणणारही नाही. खटकते ती कारणमीमांसा. त्या प्रवाशाने रोकड कमरेच्या पट्ट्यात बांधली होती. याहून अधिक सांभाळायचे म्हणजे रात्रभर जागत बसायचे. मग शयनयानाचे तिकीट कशासाठी काढायचे?

जागरूकतेलाही मर्यादा असते. पाकीटमार बहुधा एकटा नसतो : एक धक्का देतो, दुसरा काढतो, तिसरा माल घेऊन पसार होतो. पकडलेल्याच्या अंगावर काहीच सापडत नाही. धक्क्याकडे गेलेले लक्ष त्याच क्षणी खिशाकडे राहू शकत नाही. सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ ही पाटीही कधी उलटी फळते. ती वाचताच माणसाचा हात नकळत पाकीट चाचपतो, आणि पाकीट कोणत्या खिशात आहे हे पाटीजवळ उभ्या असलेल्या चोराला आयते कळते.

स्वतःला दोष देणे मात्र सरसकट वाईट नाही. रॉनी जॅनॉफ-बुलमन या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९७९ मध्ये त्याचे दोन प्रकार वेगळे केले : वागण्याला दिलेला दोष आणि स्वभावाला दिलेला दोष. ‘पिशवीची चेन उघडी राहिली’ ही चूक उद्या सुधारता येते. ‘मी आहेच वेंधळा’ या निवाड्यात सुधारण्याजोगे काही उरत नाही. या अर्थाने आपत्तीची जबाबदारी घेणे हितकारकच ठरते. मग प्रत्येकाने आपापली चेन लावली की प्रश्न सुटला, असे वाटू लागते.

मोटारचोरीचा इतिहास हे समाधान टिकू देत नाही. पश्चिम जर्मनीने १९६३ मध्ये जुन्या-नव्या सर्वच मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले आणि मोटारचोऱ्या लक्षणीय घटल्या. ब्रिटनने १९७१ पासून ते फक्त नव्या मोटारींना लावले. चोरांनी आपला मोर्चा जुन्या मोटारींकडे वळवला. गर्दीतला सावध प्रवासीही बहुधा एवढेच करतो : चोरी टळत नाही, शेजारच्या खिशाकडे सरकते. म्हणजे खासगी सावधगिरी स्वतःपुरती योग्य असली, तरी तिला सार्वजनिक उपाय मानता येत नाही. सर्वांना एकदम लागू पडणारा उपायच चोरीचा फायदा घटवतो. २०२३ मध्ये देशभर खुल्या झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरून आयएमईआय या ओळख क्रमांकाद्वारे मोबाइल निकामी करण्याची सोय हा त्याच जातीचा उपाय आहे.

तिथे पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागते, आणि लाजलेला माणूस इथेच अडखळतो. आपलेच लक्ष नव्हते असे पटलेला प्रवासी चोरीऐवजी ‘गहाळ’ अशी नोंद मुकाट स्वीकारतो. मोबाइल बंद होतो, पण कागदावर चोर उरत नाही. तपास होत नाही, आणि कोणत्या फलाटावर, कोणत्या वेळी बंदोबस्त हवा हेही नोंदींतून दिसत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे पोलिसांना बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. गमावणाऱ्याची जबाबदारी असलीच तर ती इथे आहे : चोरीची नोंद चोरी म्हणूनच करून घेणे. ती पार पाडायची, तर आधी ‘लक्ष कुठे होतं?’ विचारणाऱ्यांनी गप्प बसायला हवे.