तोडणे आणि काढणे

कच्छमधली बन्नी हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश. रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने १९६०च्या दशकात तिथे वेडी बाभूळ लावली. हेतू वाईट नव्हता. पुढे ती कुरणभर पसरली. ती तोडली तर गवत परत यायला हवे. तसे होत नाही, याचे कारण जमिनीखाली आहे.

या बाभळीच्या मुळांच्या माथ्यावर, मातीत दडलेल्या खोडाला सुप्त डोळे असतात. वरचे खोड गेले की ते जागे होतात आणि एका बुंध्याच्या जागी धुमाऱ्यांचे झुडूप उभे राहते. कुऱ्हाडीची तोड ही तिच्यासाठी द्राक्षबागेतल्या छाटणीसारखीच. कोळसा पाडणाऱ्याला ते सोयीचे: त्याच खुंटातून काही वर्षांनी पुन्हा लाकूड. भट्टीवर ज्याचे घर चालते त्याला दोष देता येत नाही, पण त्या तोडीला कुरण सुधारणे म्हणू नये.

झाड खरेच काढायचे तर खणून, डोळ्यांच्याही खालून मूळ कापावे लागते. तेवढ्यानेही भागत नाही. गोड शेंगा गुरे आवडीने खातात आणि कठीण कवचाचे बी शेणातून धडधाकट बाहेर पडते, वर खतही मिळते. मोकळ्या केलेल्या जागेत म्हशी आल्या की त्यांच्या पोटातून बाभूळही येते. म्हशींना कायमचे अडवावे, तर कुरण मोकळे केले कोणासाठी? म्हणून सुरुवातीचे एक-दोन पावसाळे जागा राखायची, धामण-मारवेल ही गवते रुजू द्यायची, मग चराई. आणि दर पावसाळ्यानंतर फिरून नवी रोपे उपटायची. बोटभर रोप हाताने निघते. पुढे त्यालाच कुदळ लागते, आणि नंतर जेसीबी.

जेसीबीचे बिल सहज मंजूर होते. उपटण्याच्या फेऱ्या कोणाच्या लक्षातही नसतात.   बन्नीत त्या घालायला रोज गवतातून हिंडणारे मालधारी, म्हणजे तिथले पशुपालक, आहेतच. तिथल्या सामूहिक वनावरचा त्यांचा हक्क राष्ट्रीय हरित लवादाने २०२१मध्ये मान्य केला. आता त्यांच्या या फेऱ्यांची मजुरी पहिल्याच अंदाजपत्रकात, जेसीबीच्या शेजारच्या ओळीत धरायला हवी.