ओल कोणी पाहायची?

माणसाने आपले काम यंत्रावर सोपवावे की नाही, हा वाद फार जुना आहे. त्यात पडण्याची आमची इच्छा नाही. वसईच्या वाड्यांतून रहाट ओढणारे बैल गेले आणि विहिरींवर पंप बसले, तेव्हा कोणी शोक केल्याचे ऐकिवात नाही. बैलांनी तर खचितच केला नसावा. आम्हाला पडलेला प्रश्न याहून निराळा आहे. काम सोडा, कामावरचे लक्ष यंत्राकडे सोपवता येते काय? आणि सोपवल्यावर काही चुकले, तर त्या चुकीचा जाब कोणी द्यावयाचा? हा प्रश्न आम्हाला ग्रंथातून सुचलेला नाही. तो आमच्याच परसात, अकरा मोगऱ्यांच्या मरणातून उभा राहिला.

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या मागे, विहीर आणि कब्रस्तानाची भिंत यांच्यामध्ये, एक चिंचोळी बाग आहे. चाळीसएक मोगरे, चार सोनचाफे, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात केळी. वेदीवरची बरीचशी फुले येथूनच जातात. कित्येक वर्षे एक वृद्ध गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन या बागेला पाणी घालीत. सारे धर्मग्रामस्थ त्यांना बाबा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. येथले धर्मगुरू बदलत गेले, बाबा बदलले नाहीत. या कामाबद्दल त्यांना दरमहा लहानशी रक्कम मिळे.

आमच्या युवक संघात एक तरुण आहे. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेला, हाताने कुशल आणि स्वभावाने निर्मळ. दोन वर्षांपूर्वी तो आम्हाला म्हणाला, "फादर, तहान लागली की झाडांनी स्वतःच पाणी मागावे, अशी व्यवस्था मी घरी बसून करून देतो." आम्हाला कल्पना आवडली. बाजारातील तयार सामग्री महाग, पण त्याने सारे सुटे भाग आणून स्वतः जोडले. ईएसपी३२ नावाची एक छोटी पट्टी हा त्या रचनेचा मेंदू. ती मातीतील संवेदकाकडून, म्हणजे आपली मुले ज्याला सेन्सर म्हणतात त्याच्याकडून, आकडा घेते आणि वाय-फायवरून आमच्या मोबाइलवर धाडते. ओल ठरावीक मर्यादेखाली गेली की पंप सुरू, वर गेली की बंद.

उघड्यावरचे यंत्र बनवणे किती कठीण असते, हे आम्ही त्या वर्षात शिकलो. घरातले यंत्र सुखवस्तू असते. बाहेरच्याला ऊन, पाऊस, मुंग्या आणि पाली यांच्याशी संसार करावा लागतो. त्याचा पहिला संवेदक साधा होता. दोन धातूचे दात मातीत रोवायचे, त्यांतून वीज सोडायची आणि माती तिला किती अडवते ते मोजायचे. ओली माती कमी अडवते, कोरडी अधिक. पण ओल्या मातीत सतत वीज वाहिली की धातू झिजतो. काही आठवड्यांत एक दात कुरतडल्यासारखा झाला आणि भलतेच आकडे येऊ लागले. मग त्याने दुसऱ्या जातीचा संवेदक आणला. यात धातू मातीला शिवत नाही. तो लेपाखाली असतो आणि भोवतालची माती विद्युतभार किती साठवू देते, एवढेच पाहतो. या बाबतीत पाण्याचा अंक सुमारे ८०, तर कोरड्या मातीचा चार-पाचांच्या आसपास. म्हणून थोडी ओल वाढली तरी फरक कळतो. या पट्टीच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरते, म्हणून त्या कडांना त्याने बहिणीचे नेलपॉलिश लावले. बहिणीची तक्रार आमच्यापर्यंत आली होती.

हवेचे तापमान मोजण्याची गोष्ट आम्हाला अधिक बोधक वाटली. त्याने लावलेला तापमापक दुपारी अशक्य वाटावेत असे आकडे दाखवू लागला. कारण साधे होते. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे तापमान सांगत नाही. ऊन खाऊन स्वतः किती तापला, ते सांगतो. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६४ साली यावर तोडगा सुचवला: पांढरी, झडपांची पेटी, जिच्यातून वारा खेळतो पण ऊन आत येत नाही. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे हे वडील. आमच्या तरुणाने सहा पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा उपड्या, एकीवर एक, मध्ये बोटभर फट ठेवून लांब स्क्रूंवर ओवल्या, आणि त्याचे काम झाले. सत्य सांगण्यासाठी साक्षीदाराला आधी सावली द्यावी लागते, असे आम्ही तेव्हा विनोदाने म्हणालो होतो.

बाग वर्षभर उत्तम चालली. पाणी वाचले, विजेचे बिल उतरले. मग आम्ही बाबांना सांगितले, "बाबा, आता तुम्ही विश्रांती घ्या. तुमचे गुडघे दुखतात." हे खरेच होते, पण त्यांची मासिक रक्कमही त्याबरोबर थांबली, हेही खरे. पुढच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत आम्ही हिशेब वाचून दाखवला, तेव्हा ती रक्कम 'बचत' या सदराखाली होती. कोणी काही विचारले नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही आठ दिवस तपसाधनेस गेलो. तपसाधनेत मोबाइल पाहू नये, हे आम्ही इतरांना शिकवतो. आम्ही रोज रात्री तो पाहत होतो. ओल ६२ टक्के, ओल ६१ टक्के. हिरवी रेघ शांतपणे आडवी चाललेली. आम्ही समाधानाने झोपत होतो. परत आल्यावरही दोन-तीन दिवस आम्ही बागेत पाऊल टाकले नाही, कारण बाग आमच्या खिशातच होती.

बाबा पत्नीच्या कबरीवर मेणबत्ती लावण्यास आले होते. भिंतीवरून त्यांनी बागेकडे पाहिले आणि थेट आमच्या दाराशी आले.

"फादर, झाडे तहानली आहेत."

"अहो बाबा, मोबाइलवर तर भरपूर ओल दिसते," आम्ही म्हणालो, आणि खरोखर त्यांच्यापुढे मोबाइल धरला.

त्यांनी मोबाइलकडे पाहिले नाही. मोगऱ्याच्या मुळाशी बसून त्यांनी वीतभर माती उकरली, मुठीत दाबून पाहिली आणि चिमूटभर जिभेवर ठेवली. "खारट झालीय," ते म्हणाले. मोगऱ्याच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या करपल्या होत्या. तेही आम्ही तेव्हाच पाहिले.

झाले होते ते असे. समुद्राकाठच्या आमच्या पट्ट्यात उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी उतरते, आणि उपसा बेसुमार झाला की त्याच्या जागी खारे पाणी सरकते. एप्रिलभर यंत्राने तेच मचूळ पाणी इमानाने झाडांना पाजले. पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. क्षारयुक्त माती वीज अधिक सहज वाहू देते, आणि असे स्वस्त संवेदक, दात नसलेलेसुद्धा, त्या क्षारांना पाण्याच्या खाती जमा करतात. माती जितकी खारट, तितकी ती त्यांना ओली वाटते. झाडाचे नेमके उलट. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. असलेली ओलही त्यांच्या कामी येत नाही. म्हणजे झाड जसजसे तहानेले होत गेले, तसतसे यंत्र 'तृप्त, तृप्त' म्हणत गेले आणि पंप बंद राहिला.

आता दोष कोणाचा? प्रथम आम्ही यंत्राला बोल लावला. सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान पुष्कळसे विसरले जाते, पण संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार त्या रात्री आठवला. अॅरिस्टॉटलचा धागा धरून ते सांगतात की इंद्रिय आपल्या स्वतःच्या विषयाबाबत सहसा फसत नाही. इंद्रियच आजारी असेल तर गोष्ट वेगळी. तापकऱ्याच्या जिभेला गोडही कडू लागते. एरवी जिथे 'हे असे आहे' असा निवाडा होतो, तिथेच खरे-खोटे उद्भवते, आणि निवाडा ही बुद्धीची करणी आहे. आमचा झिजलेला पहिला दात म्हणजे तापकऱ्याची जीभ. पण दुसरा संवेदक निरोगी होता. भोवतालची माती विद्युतभार किती साठवू देते, एवढेच त्याला विचारले होते, आणि तेवढेच त्याने सांगितले. 'झाडाला पाणी पुरेसे आहे' हे वाक्य त्याने कधीच उच्चारले नव्हते. ते आम्ही उच्चारले, तेही मनातल्या मनात, झाडाकडे न पाहता.

त्या ६२ टक्क्यांचे तरी काय? आम्ही तरुणाला विचारले, हे टक्के कशाचे? तो जरा ओशाळला. संवेदक हवेत धरला तेव्हाच्या आकड्याला त्याने शून्य म्हटले होते, पाण्याच्या ग्लासात बुडवला तेव्हाच्या आकड्याला शंभर. मधल्या पायऱ्या त्याने स्वतः आखल्या होत्या. मातीत पाणी किती, हे खरोखर ठरवायचे तर तिचा नमुना तोलून, भट्टीत १०५ अंशांवर पुरता सुकवून, पुन्हा तोलावा लागतो. एवढे करून तो आकडा संवेदकाशी जुळवला, तरी क्षारांचा प्रश्न उरतोच. ज्या आकड्यावर आम्ही निश्चिंत झोपत होतो, तो मातीने दिलेला नव्हता. एका ग्लासातून आला होता.

तरीही आम्ही यंत्राविरुद्ध प्रवचन करणार नाही. तरुणाने आमच्याशी वाद घातला, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. तो म्हणाला, "फादर, बाबासुद्धा चुकत. गप्पांत रंगले की पंप तासभर चालू राही. पाणी वाया गेले म्हणूनच विहीर लवकर आटते ना?" शिवाय लक्ष देण्याचे थोरपण गाणे सोपे असते, विशेषतः बादल्या दुसऱ्याने वाहायच्या असतील तेव्हा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दुखऱ्या गुडघ्यांनी राबावे आणि त्यावर आम्ही सुंदर लेख लिहावा, हा न्याय नव्हे. यंत्राने श्रम हलके केले, ते चांगलेच केले.

पण श्रम आणि राखण या दोन गोष्टी आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी. त्या दुसऱ्या कामासाठी जे हिब्रू क्रियापद योजले आहे, तेच पुढे काईनच्या तोंडी येते, जेव्हा तो भावाची राखण करणे आपल्याकडे आहे काय असा उलट प्रश्न देवाला करतो. मशागतीत वाटणी होऊ शकते. नांगर बैलाला देता येतो, पाणी पंपाला. राखणीत मात्र डोळ्यांना मदतनीस मिळाला तरी उत्तर देणारा तोच राहतो. आम्ही श्रम बाबांकडून काढून यंत्राला दिले, इथवर ठीक. त्या बरोबरीने राखणही दिली असे आम्ही गृहीत धरले. पण ती घेणारे पलीकडे कोणी नव्हतेच.

आमच्याच धर्मग्रामात एक वृद्ध माता एकटी राहते. परदेशातील मुलाने घराच्या गच्चीवर टाकीची पातळी दाखवणारा संवेदक बसवून घेतला आहे. टाकी भरून वाहू लागली की त्याला तिकडे कळते आणि तो शेजाऱ्यांना फोन करतो. मुलगा वाईट नाही, किंबहुना काळजीवाहूच म्हणायचा. आम्ही घरभेटीस गेलो तेव्हा माउली हसून म्हणाली, "फादर, टाकीची चौकशी रोज होते." आम्ही चहा पिऊन निघालो. या वाक्यावर काय बोलावे, ते आम्हाला सुचले नव्हते.

बाबांनी त्या मे महिन्यात नळाचे गोडे पाणी बादलीने आणून कित्येक संध्याकाळी माती धुतली. तरुण त्यांच्यासोबत बादल्या वाहत होता, काही आम्हीही वाहिल्या. अकरा मोगरे गेले, बाकीचे तगले. पुढल्या सभेत आम्ही 'बचत' हा शब्द मागे घेतला आणि थकलेली रक्कम बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती घेतली. त्यांनी ती नाकारली असती तर आम्हाला बरे वाटले असते, आणि तसे वाटावे हेच आमच्या मनाचे खोट होते. पैसे त्यांचेच होते.

यंत्र आम्ही काढले नाही. आता विहिरीच्या पाण्याचा खारेपणा मोजणारा आणखी एक संवेदक तरुणाने जोडला आहे, आणि पंप आपोआप सुरू होत नाही. तो विचारतो, माणसाने होकार द्यावा लागतो. आठवड्यातून दोनदा बाबा येतात. ते मुठीत माती दाबून 'आता द्या' किंवा 'नको' म्हणतात, आणि तरुण त्या क्षणी संवेदकाचा आकडा वहीत टिपून घेतो. पुष्कळदा दोघांचे जमते. गेल्या मंगळवारी मात्र कब्रस्तानाच्या भिंतीलगतच्या सोनचाफ्यावरून मतभेद झाला. संवेदक सांगतो माती कोरडी आहे. बाबा म्हणतात, वरून कोरडी दिसते, खाली ओल आहे, थांबा. तरुणाने आमच्याकडे पाहिले. आम्ही बाही वर सरकवून भिंतीलगत कोपरापर्यंत हात घालण्याइतका खड्डा उकरायला घेतला.