सोंगाला जोहार

१९८६ साली अमेरिकेत ‘थ्री अमिगोज’ नावाचा एक विनोदी सिनेमा निघाला. मेक्सिकोतलं एक गाव दरोडेखोरांनी पिळून काढलंय. गावची एक पोरगी पडद्यावर तीन वीर बघते, खरेच समजते आणि त्यांना तार करते. पैसे कमी, म्हणून मजकूर छाटलेला. तिकडे ते तिघे नट, कंपनीनं नुकतेच हाकललेले. त्यांना वाटतं खेळाची सुपारी आली. येतात, नाचतात, आणि समोरून खरी गोळी येते.

लोक त्या गावाला हसतात. मला हसू येत नाही. ज्याच्या पाठीवर वळ आहेत तो येईल त्या हाताला धरतो. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे, कारण वळ आपल्या पाठीवर नसतात.

आपल्याकडे काय वेगळं झालं? प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि लोक त्यांच्याच पाया पडू लागले. याआधी नाटकात बायकांची कामं केलेला हा माणूस. ठीक आहे, त्यात कुणाचं घर बुडालं नाही. पण १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ आलं. १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत कांशीराम उभे होते, आणि काँग्रेसच्या प्रचाराला पडद्यावरचा राम, अरुण गोविल. निवडून आले व्ही. पी. सिंग. रामाची जादू चालली नाही म्हणून खूश होऊ नका. १९९१ ला सीता बडोद्यातून खासदार झाली. आणि रावण? तोही झाला, साबरकांठातून, त्याच भाजपकडून! मग मत धर्माला पडलं की थोबाडाला? पुढं २०२४ ला मेरठमधून रामही संसदेत गेला.

आता दोष कुणाचा? लोकांचा मी धरत नाही. नटाचाही पहिल्या दिवशी नाही. पोटासाठी सोंग घेणं पाप नव्हे. पण लोक आपल्याला खरं मानतायत हे ज्या क्षणी त्याला कळलं, त्या क्षणापासून प्रत्येक नमस्कार त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. सिनेमातले तिघे आधी गयावया करतात, पण शेवटी ते कर्ज फेडायला उभे राहतात. आमचे नट व्याजही देत नाहीत. आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार तिसराच, सुपारी देणारा. त्याला सोंग माहीत असतं. भूकही माहीत असते.

आमच्या पालीत, उत्तनच्या या किनाऱ्यावर, कपडे बघून कुणी कुणाला तांडेल करत नाही. भरती-ओहोटी कळते का, जाळं कुठं टाकायचं कळतं का, एवढंच बघतात. दर्यावर चूक झाली तर माणसं जातात. राजकारणात चुकलं तरी माणसंच जातात, पण ती दिसत नाहीत, म्हणून आपण कपडे बघतो.

भीमराव कर्डकांचा जलसा आठवा. तिथंही सोंगं होती. पण रंग उतरवला तरी आत माणूस तोच, पाणवठा त्यालाही बंदच. बोर्डावर जे बोलला ते त्याला गावात भोगावं लागायचं.

आणि घरातलंही बोलू. जब्बार पटेलांच्या सिनेमात मामुट्टीनं बाबासाहेबांचा सूट घातला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. उत्तम काम. नट नट राहिला. पण आपल्यातले किती जण निळा सूट चढवून, बोट वर करून स्टेजवर उभे असतात, आणि आपण जयभीम ठोकून त्यांना विचारतसुद्धा नाही की बाबा, वस्तीत पोलीस घुसले त्या रात्री तू कुठं होतास? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं. ते भाषण आपण फ्रेम करून भिंतीला लावलं. हार घातला. झालं!

त्या सिनेमात शेवटी एक गोष्ट घडते, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. नट विचारतात, या गावाला येतं काय? उत्तर येतं, शिवणकाम. मग रात्रभर बाया-बाप्ये बसून तसलेच कपडे शिवतात, गावभर वाटतात. दरोडेखोर येतो तर खिडकीत अमिगो, छपरावर अमिगो, विहिरीमागं अमिगो. कुठला खरा, कुठला नट, त्याला कळेनासं होतं. बंदुका गावकऱ्यांच्याच हातात असतात.