मध्यस्थ: गीता ६.९ आणि सीझनची पहिली मॅच



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ९

भावार्थ: सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, द्वेष वाटावा असा माणूस, आपला आप्त, सज्जन आणि पापी या सगळ्यांच्या बाबतीत ज्याची बुद्धी सम राहते, तो योग्यांमध्येही वरचा.

नेहमी मी आधी श्लोक घेतो, मग उदाहरण. आज उलटं करतो, कारण या श्लोकाने गेल्या शनिवारी माझा कान पकडला आणि अजून सोडलेला नाही.

तुमच्यापैकी काही जणांना माहीत आहे, गेली चार वर्षं मी इथे न्यू जर्सीत लहान मुलांच्या बेसबॉल मॅचना अंपायर म्हणून उभा राहतो. पगार नाही, सेवा समजा. क्रिकेटवर वाढलेला माणूस बेसबॉलच्या प्लेटमागे कसा गेला, ती गोष्ट पुन्हा कधीतरी. थोडक्यात सांगायचं तर मुलगा खेळायला लागला आणि लीगला माणसं कमी पडत होती. अंपायर मिळत नाहीत याचं मोठं कारण म्हणजे बाहेर उभे असलेले आईबाप. दहा वर्षांच्या मुलांच्या मॅचमध्ये मोठी माणसं काय काय ओरडतात ते ऐकलं, तर आपल्या गल्लीतलं क्रिकेट फार सभ्य वाटेल!

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच. होम प्लेट ही जमिनीत बसवलेली १७ इंच रुंदीची पांढरी पाटी. तिच्यावर हवेत एक चौकट आहे असं मानायचं. लिटल लीगच्या नियमांत ती बॅट्समनच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत असते. ही चौकट कुठे आखलेली नसते, ती फक्त अंपायरच्या डोळ्यांत असते. चेंडू तिला शिवून गेला आणि बॅट्समन नुसता बघत राहिला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक म्हणजे आऊट. चार बॉल झाले की बॅट्समन फुकटात पहिल्या बेसवर. तिन्ही बेस भरलेले असतील तर सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि एक रन मिळते.

आता शनिवार. एप्रिलची सकाळ, तापमान सात-आठ अंश, रात्रीच्या पावसाने मैदान ओलं. गुढीपाडवा होऊन गेला, पण थंडीला ते कुणी कळवलेलं नाही. सीझनच्या सुरुवातीला सगळेच गंजलेले असतात. पिचरचे हात गारठलेले, त्यामुळे चेंडू कुठेही जातात. बॅट्समन सहा महिन्यांनी उभा राहिलेला. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही: अंपायरचा डोळासुद्धा गंजलेला असतो. चौकट आपोआप थोडी रुंद होते, थोडी खाली सरकते. सगळ्यात वाईट म्हणजे हात घाई करतो. आम्हाला शिकवलेलं असतं की चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत बघायचं, क्षणभर थांबायचं, मग निर्णय द्यायचा. सीझनच्या पहिल्या आठवड्यात हा मधला क्षणच हरवतो.

त्या दिवशी ठरलेल्या अंपायरला ताप आला. मैदानावर दुसरा अंपायर मीच, आणि माझा मुलगा खेळणाऱ्यांपैकी एका टीममध्ये. मी दोन्ही कोचना स्पष्ट सांगितलं. दोघंही म्हणाले, काही हरकत नाही, तूच उभा राहा. समोरच्या टीमचे एक वडील मात्र हसत हसत म्हणाले, ‘आज जरा सांभाळून हं!’ मीही हसलो. पण ते वाक्य खिशात घेऊनच प्लेटमागे गेलो.

चौथी इनिंग. मुलाची टीम एका रनने मागे. दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले, आणि बॅटिंगला आमचे चिरंजीव. तीन बॉल, दोन स्ट्राइक. पुढचा चेंडू बॉल ठरला तर रन मिळून स्कोअर बरोबरीत, स्ट्राइक ठरला तर इनिंग खलास.

चेंडू आला. बाहेरून. आपल्या भाषेत, ऑफ स्टंपच्या चांगला वीतभर बाहेर. मुलाने बरोबर सोडला. बॅट खांद्यावरच, आणि त्याने पहिल्या बेसकडे एक पाऊलही टाकलं होतं.

आणि माझा उजवा हात वर गेला. स्ट्राइक थ्री!

चेंडू ग्लोव्हमध्ये नीट बसायच्या आधीच हात वर गेला होता. निर्णय आधी झाला, बघणं नंतर.

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ओरडला नाही, बॅट आपटली नाही. नुसतं पाहिलं आणि डगआऊटकडे चालू लागला. बाहेरून ते मघाचे वडील कौतुकाने म्हणाले, ‘याला म्हणतात प्रामाणिक अंपायर!’ आणि मंडळी, खरं सांगतो, एक सेकंदभर मला बरं वाटलं. तो एक सेकंद आजच्या चिंतनाचा विषय आहे.

पुढच्या इनिंगमध्ये समोरच्या टीमच्या मुलाला अगदी तसाच चेंडू आला. तसाच बाहेरून. हात शिवशिवला. मनात वकील उभा राहिला: ‘तिकडे दिलास ना स्ट्राइक? मग इकडेही दे. फिटंफाट!’ मला शिकवणारे अंपायर सत्तरीच्या घरातले आहेत. ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, चुकीच्या निर्णयाची भरपाई दुसऱ्या चुकीच्या निर्णयाने कधीही करायची नाही, कारण मग एकाच्या जागी दोन मुलांवर अन्याय होतो. मी बॉल दिला. लगेच मुलाच्या टीमचे कोच ओरडले, ‘मग मघाशी काय झालं होतं?’ प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची टीम त्याच एका रनने हरली.

गाडीत बराच वेळ शांतता. मग मागून आवाज आला.

‘बाबा, तो बॉल होता ना?’

नियमपुस्तक माझ्या बाजूने होतं. बॉल की स्ट्राइक हा अंपायरचा अंदाज असतो, त्यावर वाद घालता येत नाही, निर्णय अंतिम. मी तेच म्हणणार होतो. पण आरशात त्याचा चेहरा दिसला.

‘हो रे. बाहेर होता. माझं चुकलं.’

‘मग स्ट्राइक का दिलास?’

‘तू माझा मुलगा आहेस म्हणून.’

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘म्हणजे दुसऱ्या कुणाला बॉल दिला असतास?’

हो. दिला असता. आणि पुढच्याच इनिंगमध्ये दिलाही होता.

आपल्याकडे म्हण आहे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आपण ती नेहमी एकाच बाजूने वाचतो आणि समबुद्धी म्हणजे आपल्या माणसांना झुकतं माप न देणं एवढाच अर्थ काढतो. पण श्लोकातली यादी पुन्हा वाचा. नऊ प्रकारची माणसं आहेत. त्यात शत्रू आहे, पापी आहे, तसे मित्र आणि आप्तही आहेत. भगवंत असं म्हणत नाहीत की परक्यांशी सम राहा आणि घरच्यांशी कडक. घरच्यांनाही त्याच चौकटीतून बघायचं आहे. त्यांच्यासाठी ती रुंद करायची नाही, तशी अरुंदही नाही. मी म्हण उलटी करून पाळली आणि त्यालाच नि:पक्षपातीपणा समजलो.

मुळात त्या क्षणी मी चेंडू बघतच नव्हतो. मी बघत होतो कुंपणाबाहेरच्या त्या वडिलांकडे. लोक काय म्हणतील ही भीती माझ्या मुलापेक्षा माझ्या जास्त जवळची निघाली. म्हणजे पक्षपात झालाच, फक्त तो माझ्या स्वतःच्या नावाच्या बाजूने झाला.

आता यादीतल्या दोन शब्दांकडे या: उदासीन आणि मध्यस्थ. आज मराठीत उदासीन म्हटलं की तोंड पाडून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो आणि मध्यस्थ म्हटलं की फ्लॅट दाखवणारा एजंट! पण गीतेवरच्या भाष्यात आदि शंकराचार्यांनी या दोघांत एक सुंदर फरक केला आहे. उदासीन तो, जो कुणाचीच बाजू घेत नाही. मध्यस्थ तो, जो भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं हित इच्छितो.

मी चार वर्षं समजत होतो की अंपायरने उदासीन असावं. कोण जिंकलं, कोण हरलं, मला काय त्याचं! पण दहा वर्षांच्या मुलांच्या मागे उभं राहताना एवढं पुरत नाही. पिचरला त्याचा खरा स्ट्राइक मिळावा, कारण त्याने थंडीत बोटं आखडलेली असताना तो टाकलाय. बॅट्समनला त्याचा खरा बॉल मिळावा, कारण मोह आवरून तो सोडायला त्याला धीर लागलाय. दोघांचंही भलं कशात? मी नीट बघण्यात. न्याय म्हणजे दुसरं काय असतं?

इथे बेसबॉलमधली एक खरी गोष्ट आठवते. २ जून २०१०, डेट्रॉइट. पिचर आर्मांडो गलारागा ‘परफेक्ट गेम’च्या उंबरठ्यावर होता, म्हणजे समोरचे २७ च्या २७ बॅट्समन एकालाही बेसवर न जाऊ देता आऊट करायचे. २६ झाले. २७ व्याला पहिल्या बेसवर अंपायर जिम जॉइस यांनी सेफ दिलं. रिप्लेमध्ये तो स्वच्छ आऊट होता. जॉइस यांनी मॅचनंतर रिप्ले पाहिला आणि कुठलंही कारण न देता चूक कबूल केली, गलारागाची समोरासमोर माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ते प्लेटमागे उभे होते आणि टीमची यादी त्यांच्या हातात द्यायला गलारागाच आला. जॉइस यांचे डोळे भरून आले. निकाल बदलला नाही, विक्रम गलारागाच्या नावावर लागला नाही. पण त्या दोघांत वैर उरलं नाही. चूक झाली तरी दोन्ही बाजूंचं हित पाहता येतं, ते असं.

आता आपल्याकडे वळू. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच लॅपटॉपवाले. कोड रिव्ह्यू आठवा. सिनियरच्या कोडवर ‘लुक्स गुड’ आणि ज्युनियरच्या कोडवर पंधरा कमेंट. जवळच्या मित्राच्या कोडवर कधी दोन कमी, कधी मुद्दाम दोन जास्त, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. घरी पाहा. बाहेरच्यांशी बोलताना केवढा संयम, आणि आई फोनवर तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागली की लगेच ‘अगं आई, सांगितलंस ना!’ तिचा चेंडू आपण ग्लोव्हमध्ये पोचूच देत नाही.

एक गोष्ट मला फार दिलासा देते. याच्या आधीच्या श्लोकात, ६.८ मध्ये, मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं सारखं मानणाऱ्या योग्याचं वर्णन आहे. मग ६.९ मध्ये माणसांबद्दल सम असणारा त्याहून विशेष म्हटला आहे. म्हणजे भगवंतांनाही ठाऊक आहे की सोन्याचा मोह सोडणं एकवेळ जमेल, माणसांच्या बाबतीत सम राहणं अवघड. आणि हा सगळा अध्याय अभ्यासाचा आहे. समबुद्धी म्हणजे काही सेटिंग नाही, एकदा ऑन केली की झालं. ती गंजते, दर सीझनला गंजते. पुन्हा उभं राहायचं, पुन्हा डोळा बसवायचा.

आम्ही अंपायर सीझनआधी एक सराव करतो. पिचर सराव करत असताना कॅचरच्या मागे उभं राहायचं आणि नुसते चेंडू बघायचे. निर्णय द्यायचा नाही, हात उचलायचा नाही. फक्त चेंडू हातातून सुटल्यापासून ग्लोव्हपर्यंत डोळ्यांनी सोबत करायची. यंदा कामाच्या गडबडीत मी तो केला नव्हता. आता बुधवारी संध्याकाळी जातोय, मुलालाही नेतोय.

तुमच्यासाठी आजची साधना तीच. आज दिवसभरात तीन माणसं निवडा: एक जवळचा, एक नावडता, एक ज्याचं मत तुम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ते बोलत असताना मनातला हात उचलू नका. त्यांचं बोलणं पूर्ण होऊ द्या, क्षणभर थांबा. रात्री झोपताना बघा, कुणासाठी तुमची चौकट हलली आणि का हलली. कुणावर चुकीचा निर्णय दिला असेल तर भरपाई म्हणून दुसऱ्यावर तसाच देऊ नका. ज्याच्यावर दिला त्यालाच सांगा, ‘तो बॉल होता, माझं चुकलं.’

शनिवारी रात्री झोपायच्या आधी मुलगा खोलीत आला. म्हणाला, ‘बाबा, पुढच्या मॅचला तूच असलास तरी चालेल. फक्त बघ नीट.’

भगवंता, एवढंच मागणं आहे. नीट बघता येऊ दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥