घंटेवरची अक्षरे आणि चुलीवरचे मडके

शास्त्रपाठ : जखऱ्या १४:२०, २१, नीतिसूत्रे १२:१०, १ तीमथ्य ५:८.



संदेष्टा जखऱ्या आपल्या ग्रंथाच्या अगदी शेवटी परमेश्वराच्या दिवसाचे वर्णन करतो. त्यात दोन गोष्टी अशा आहेत की, वाचणारा त्यांवरून सहज पुढे निघून जातो. पहिली ही की, त्या दिवशी घोड्यांच्या घंटांवर पावित्र्याची अक्षरे दिसतील. आणि दुसरी ही की, यरुशलेमेत व यहूदात घरोघरचे मडके परमेश्वराकरिता पवित्र होईल. ही अक्षरे नवी नव्हेत. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अहरोनाच्या कपाळी शोभणाऱ्या सोन्याच्या पट्टीवर जी कोरावयाची आज्ञा झाली, तीच ही. जे महायाजकाच्या कपाळी, तेच घोड्याच्या गळ्यात आणि तोच मान गृहिणीच्या चुलीवरच्या मडक्याला! मंदिर, तबेला व स्वयंपाकघर ही तिन्ही एकाच धन्याची आहेत, हे ध्यानात यावे म्हणून आज आम्ही घोडेवाल्याचे जीवन आपणापुढे ठेवीत आहो.

आमच्या वाचकांपैकी कोणाचा मुलगा घाटकोपरास कामावर असेल, कोणाची मुलगी मुलुंडास दिली असेल. तेथे आज रिक्षांची दाटी दिसते. परंतु १८५३ साली १६ एप्रिलास बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, आणि पुढे पश्चिमेकडेही रूळ पडले, तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ही साष्टीतील खेडीच होती. सभोवार भातखाचरे, ताडामाडांची बने आणि मिठागरे. १९५० व १९५७ साली ही गावे बृहन्मुंबईत घेतली गेली. तोपर्यंत त्यांचे खेडेपण पुष्कळ अंशी टिकून होते. अंधेरीस उतरलेल्या मनुष्यास मरोळास वा वेसाव्यास जावयाचे तर पायी जावे, बैलगाडी पाहावी किंवा टांगा करावा.

अशा टांगेवाल्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटेच्या अंधारात तो उठतो. प्रथम लीद काढतो, मग खरारा करतो. एकेक खूर उचलून नालेत खडा तर अडकला नाही ना, हे पाहतो. चंदी देतो, पाणी दाखवितो, आणि मगच स्वतःच्या चहाकडे वळतो. घोड्याला माणसाप्रमाणे ओकारी होत नाही. म्हणून वाईट दाणा पोटात गेला तर तो बाहेर टाकता येत नाही, आणि पोटशूळाने उमदे जनावरही दगावते. सबब शहाणा घोडेवाला दाणा स्वतः निवडतो. रात्री परतल्यावर आपले तोंड धुण्याआधी तो जनावराचा साज उतरवितो व खांद्यावर कोठे साल गेले आहे काय, हे हात फिरवून पाहतो.

शलमोनाने नीतिमान मनुष्याची जी खूण सांगितली, ती हीच. तो प्रार्थना किती लांब करतो, हे या वचनात सांगितलेले नाही. आपल्या पशूच्या जिवाची त्याला किती ओळख आहे, हे सांगितले आहे. शब्बाथाची आज्ञा वाचा. तेथे पुत्र, कन्या व दास यांच्या जोडीला पशूलाही विसाव्याचा हक्क दिला आहे. जो मनुष्य रविवारी सकाळी मंडळीत गीत गातो आणि दुपारी लंगड्या घोड्याला चाबूक ओढतो, त्याच्या घंटेवर ती अक्षरे कशी उमटावी?

परंतु, बंधूंनो, घंटेवरची अक्षरे मडक्यापर्यंत पोहोचावी लागतात. घोड्याची चंदी चुकू न देणारा, पण दिवसाची कमाई गुत्त्यावर ठेवून रित्या हाताने घरी येणारा मनुष्य आपण पाहिलेला नाही काय? घोडा उपाशी राहिला तर उद्या टांगा चालणार नाही, हे त्याला कळते. लेकरू उपाशी निजले तर काय बंद पडते, हे मात्र त्याला कळत नाही. प्रेषित पौल तीमथ्यास लिहितो की, जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही, त्याने विश्वास नाकारला आहे, आणि विश्वास न ठेवणाऱ्याहूनही तो वाईट आहे. आपण मूर्ती टाकल्या, नवे नाव घेतले, तरी चुलीवरचे मडके रिते ठेविले, तर आपल्या मुखातील कबुलीला कोण मान देईल?

बलामाची गोष्ट आठवा. त्याने आपल्या गाढवीला तीन वेळा मारले, आणि ज्या दूताला ती पाहत होती तो त्या द्रष्ट्याला दिसला नाही. मुक्या जनावराचे दुःख ऐकण्यास देवाला तिचे तोंड उघडावे लागले. घरातही पुष्कळ वेळा असेच घडते. पत्नी बोलत नाही, लेकरे कोपऱ्यात उभी राहतात, आणि घरधनी समजतो की सर्व ठीक आहे. वाटेवर तरवार उपसलेला दूत उभा असतो. तो त्यांना दिसतो, याला दिसत नाही.

आता एक कठीण प्रश्न. ज्याने जनावरही नीट सांभाळले आणि घरही नीट चालविले, त्याचा धंदाच बुडाला तर? मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्रॅम सुरू झाली व १९०५ साली ती बंद पडली; १९०७ पासून विजेची ट्रॅम आली. उपनगरांतील टांग्यांची जागा रिक्षांनी घेतली. शहरात मौजेसाठी फिरणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ सालच्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. त्याच वेळी त्या धंद्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही सरकारास फर्माविले. माथेरानास मोटारींना बंदी असल्यामुळे घोडे आजवर माणसे व सामान वाहत आले आहेत. परंतु २०२२ सालच्या डिसेंबरात तेथेही प्रयोगादाखल विजेच्या रिक्षा आल्या, आणि घोडेवाल्यांच्या घरांत काळजी शिरली.

येथे घाईने बोलू नये. डांबरी रस्त्यावर व दाटीच्या तबेल्यात घोड्याचे हाल होतात, ही तक्रार खरी आहे. टांगा थांबला की घरातील मडके थंड होते, हेही खरे आहे. जखऱ्याने घंटा व मडके यांचा उल्लेख लागोपाठ केला आहे. म्हणून ख्रिस्ती मनुष्याने एकावर दया करताना दुसऱ्याला विसरू नये. जनावराची सुटका झाली म्हणून आनंद करणाऱ्याने त्याच संध्याकाळी घोडेवाल्याच्या दारी जाऊन, घरात दाणा आहे काय, हे विचारावे. आणि घोडेवाल्याने, निरुपयोगी झाला म्हणून, वीस वर्षे आपल्याला जेवू घालणारा सोबती पहिल्या गिऱ्हाइकाला विकून मोकळे होऊ नये.

धंदा गेलेल्या बंधूस आमचे एवढेच सांगणे आहे : स्तोत्रकर्ता म्हणतो, घोड्याच्या बळाने देव संतुष्ट होत नाही, जे त्याचे भय धरतात व त्याच्या दयेची वाट पाहतात, त्यांच्याविषयी तो संतुष्ट होतो. पहाटे उठण्याची, निवडून दाणा देण्याची, दुसऱ्याचे साल शोधण्याची जी सवय घोड्याने तुम्हांला लाविली, ती टांग्याबरोबर मोडीत गेलेली नाही. तीच सवय घेऊन रिक्षा चालवा, गवंड्याच्या हाताखाली जा, शेतावर जा. घंटा उतरली तरी अक्षरे तुमच्यापाशीच आहेत.

गावोगावच्या उपदेशक बंधूंना आमची विनंती आहे की, या आठवड्यात त्यांनी प्रार्थनेस देवळात बसण्याआधी दोन ठिकाणी जावे : मंडळीतील एखाद्याच्या गोठ्यात, आणि ज्याचे काम सुटले आहे अशा एखाद्याच्या चुलीपाशी. आणि आपण सर्वांनी उद्या पहाटे बैलाच्या गळ्यातील घंटा वाजेल तेव्हा क्षणभर थांबून स्वतःस विचारावे की, तिच्यावर कोणाचे नाव आहे?

गव्हाणीत जन्मलेला आणि शिंगरावर बसून यरुशलेमेत आलेला प्रभू येशू ख्रिस्त आपले गोठे व आपली घरे स्वतःसाठी पवित्र करो. आमेन.