निराकार, पण निर्गुण नव्हे

‘अल्ला म्हणजे आपलंच निर्गुण ब्रह्म,’ असं अनेक सुजाण मराठी माणसं प्रेमानं म्हणतात. त्या म्हणण्यातली आपुलकी खरी असते, पण विचार चुकीचा असतो. सगुण म्हटलं की साकार आणि निराकार म्हटलं की निर्गुण, या जोड्या आपल्या मनात इतक्या पक्क्या बसल्या आहेत की रूप नाकारलं म्हणजे गुणही गेले, असं आपण धरून चालतो. कुरआनातल्या ईश्वराला रूप नाही, प्रतिमा नाही, जन्म नाही, संतती नाही. तरीही तो ऐकतो, पाहतो, बोलतो, रागावतो, माफ करतो. परंपरेनं त्याची ९९ नावं गणली, ती बहुतेक गुणांचीच. ११४ अध्यायांपैकी नववा सोडला तर प्रत्येकाच्या आरंभी त्याच्या दयेचा उच्चार आहे. निर्गुण ब्रह्माकडे कोणी क्षमा मागत नाही. इथं सगळा व्यवहारच मागण्याचा आणि ऐकण्याचा आहे.

हे गुण आणि ईश्वराचं एकत्व यांचा मेळ कसा घालायचा, यावर मुस्लिम पंडित शतकानुशतकं भांडले. मुताझिला पंथाचे विचारवंत म्हणत, ईश्वराचे गुण त्याच्याहून वेगळे आणि अनादि मानले तर एकाचे अनेक झाले. म्हणून त्याची वाणी असलेलं कुरआनही अनादि नव्हे, निर्मित. ८३३ साली खलिफा मामूननं हे मत सक्तीनं लादायला घेतलं. ते नाकारणाऱ्या अहमद इब्न हंबलना पुढं तुरुंगवास आणि फटके सोसावे लागले. नंतर अशअरी पंथाच्या पंडितांनी वाट काढली: गुण खरे आहेत, पण माणसाच्या गुणांसारखे नाहीत, ते ‘कसे’ हे विचारू नये. मला या भूमिकेत पळवाट दिसत नाही, बुद्धीची मर्यादा ओळखणं दिसतं.

वऱ्हाडातल्या वाचकाला या ईश्वरकल्पनेपर्यंत पोचायला अद्वैतापेक्षा महानुभावांच्या रिद्धपूरची वाट जवळची आहे. महानुभाव विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे आणि अनादि. देवतांच्या हाती मोक्ष नाही, म्हणून भक्ती एका परमेश्वराचीच. तौहीदचा, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाचा, आग्रह या अनन्यतेच्या बराच जवळ येतो. फारकत होते ती अवतारापाशी. महानुभावांचा परमेश्वर पंचकृष्णांच्या, म्हणजे पाच अवतारांच्या, रूपानं देह धारण करतो. इस्लाममध्ये पैगंबरही माणूसच, ईश्वराचा दास. शिवाय तिथं अनादि फक्त ईश्वर आहे, बाकी सारं त्यानं घडवलेलं.

मग वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरचं काय? गावाच्या नावातला ‘पीर’ आला तो तिथल्या पिरांच्या दर्ग्यांमुळे. त्यांतला हयात कलंदरांचा विशेष मान्यतेचा. हिंदू-मुसलमान दोघंही दर्ग्यावर चादर चढवतात, नवस बोलतात. मेलेल्या माणसाकडे मागणं म्हणजे ईश्वराला भागीदार जोडणं, शिर्क, असं म्हणणारे मुसलमान आहेत; मागणं ईश्वराकडेच, पीर फक्त त्याच्या मर्जीतला, शिफारस करणारा, असं म्हणणारेही आहेत. आपल्या पुरोगामी लिखाणात पहिले पटकन कट्टर ठरतात आणि दुसरे समन्वयवादी. हे मला अन्यायाचं वाटतं. दोघंही एकाच प्रश्नाशी झगडताहेत: ईश्वर एकटाच आणि माणसाच्या इतका जवळ असेल, तर मध्ये कोणी असावं का?

कुठल्याही दर्ग्यात मजारीच्या पायथ्याशी हात पसरून फातिहा, म्हणजे कुरआनाचा पहिला अध्याय, म्हणणाऱ्याकडे नीट लक्ष द्यावं. त्या सात आयतींत पिराचं नाव नाही. मदत मागितली आहे ती फक्त ईश्वराकडे. पठणाचं पुण्य पिराच्या आत्म्याला पोचावं, ही प्रार्थनाही पुन्हा ईश्वरालाच. म्हणजे या रिवाजात पीरसुद्धा घेणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे. पण तोच माणूस फातिहा संपवून जाळीला धागा बांधतो आणि पुटपुटतो, ‘बाबा, पोरीचं जमू दे’. तेव्हा तो नेमका कोणाशी बोलतो, याचं उत्तर बाहेरून देण्याचा अधिकार मला नाही. मौलवीला आहे का, यावर मुसलमान आपसांत अजून वाद घालताहेत, आणि तो वाद ईश्वराविषयीचा आहे.