गंजाचं कारण, गंजाचा दोष

मोटरसायकलच्या टाकीत गंज का धरला, असं चार जणांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये पाणी होतं. इथेनॉलमुळे झालं. हल्लीचा पत्राच हलका. गॅरेजवाल्याने काहीतरी करून ठेवलं. यातलं कुठलंही उत्तर एखाद्या गाडीपुरतं खरं असू शकतं. पण चारही उत्तरांतलं बोट उत्तर देणाऱ्यापासून लांब, दुसऱ्या कोणाकडे तरी वळलेलं असतं.

आपल्या भाषेने याची नोंद केव्हाच घेतली आहे. ‘तापाचं कारण’ म्हणताना कारण म्हणजे एखादी गोष्ट ज्याच्यामुळे घडली ते. ‘कारणं सांगू नकोस’ म्हणताना कारण म्हणजे सबब. आणि कचेरीतून ‘कारणे दाखवा’ नोटीस येते तेव्हा हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर असतात: काय घडलं ते सांगा, आणि तुम्हाला शिक्षा का करू नये तेही सांगा. माझा प्रश्न या दोन अर्थांच्या मधला आहे. आपण कारण शोधतो तेव्हा काय घडलं हे शोधत असतो, की बिल कोणाच्या नावावर फाडायचं हे?

आधी टाकीत डोकावू. गंजाला तीन गोष्टी लागतात: लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन. टाकी पोलादी पत्र्याची असते, आतून तिला गंजरोधक लेप असतो. पेट्रोल भरलेलं असतं तोवर पत्रा झाकलेला राहतो. टाकी अर्धी रिकामी झाली की वरच्या जागेत हवा येते आणि हवेबरोबर दमटपणा. रात्री पत्रा थंड झाला की त्यावर बारीक दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते ओघळून तळाशी जातं. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली असेल तर तळाचा डावा कोपरा त्याचं घर होतो.

पण इथे थोडं गणित करायला हवं. तीस अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला साधारण तीस ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे टाकीतल्या दहा लिटर रिकाम्या जागेत जेमतेम ०.३ ग्रॅम, काही थेंब. छताला तांबूस थर धरायला तेवढी ओल पुरते, पण तळाशी वाटीभर पाणी सापडलं तर ते हवेतून आलेलं नाही. ते झाकणातून आलं किंवा पेट्रोलबरोबर आलं. अनेक गाड्यांत झाकणाच्या कडेला पडलेलं पाणी खाली सोडायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की पावसाचं आणि धुण्याचं पाणी झाकणाभोवती साचून आत झिरपायला लागतं.

इथेनॉलचं प्रकरण याहून नाजूक आहे. २०१३-१४ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी दीड टक्का इथेनॉल होतं, २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीसवर. इथेनॉल पाणी शोषतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच विरघळलेलं राहतं, तळाशी साचत नाही. एका अर्थाने ही मदतच. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि त्यांचा थर तळाशी बसतो. म्हणजे तेच इथेनॉल एका टाकीत पाणी उचलून नेतं आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या दुसऱ्या टाकीत तळाशी बसून पत्रा खातं. कोल्हापूरकडचा ऊस उत्पादक आणि पुण्यातला जुन्या गाडीचा मालक या एकाच रसायनाबद्दल बोलतात, पण पहिल्याला ते कारण दिसत नाही आणि दुसऱ्याला त्याच्याशिवाय काही दिसत नाही.

मग यातलं ‘खरं’ कारण कोणतं? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्येच म्हणून ठेवलं की तात्त्विक दृष्टीने पाहिलं तर सगळ्या अटींची बेरीज म्हणजे कारण. त्यातली एक उचलून तिलाच कारण म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. तरी आपण उचलतोच. टाकी गंजली ती ऑक्सिजनमुळे, असं कोणी म्हणत नाही, जरी ते अगदी खरं असलं तरी. हार्ट आणि ऑनरे या कायद्याच्या अभ्यासकांनी १९५९ च्या त्यांच्या ग्रंथात या निवडीमागची रीत दाखवली: नेहमीचं असतं ते आपण पार्श्वभूमीत ढकलतो, आणि नेहमीपेक्षा वेगळं घडलेलं किंवा कोणी मुद्दाम केलेलं असतं त्याला कारण म्हणतो. आपल्या नैयायिकांनी हा विचार गाढवाच्या पाठीवरून केला. कुंभाराची माती गाढवाने वाहून आणली, गाढव मडक्याच्या आधी हजर होतं, तरी ते मडक्याचं कारण नव्हे. कारण गाढवाशिवायही मडकी होतात. आधी हजर असणं पुरेसं नाही.

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची जुनी मोटरसायकल चौदा महिने उघड्या पार्किंगमध्ये उभी होती. नंतर त्यांनी ती कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे दिली. त्याने कार्बोरेटर साफ केला, दोन लिटर ताजं पेट्रोल घातलं, गाडी सुरू करून दिली. आठव्या दिवशी ती रस्त्यात बंद पडली आणि फिल्टरमध्ये तपकिरी भुकटी निघाली. काकांचं म्हणणं सरळ होतं: याने हात लावायच्या आधी टाकीची तक्रार नव्हती, आता आहे. मजुरीचे राहिलेले आठशे रुपये देणार नाही, आणि ग्रुपवर त्याचं नाव टाकणार. त्या गॅरेजची निम्मी गिऱ्हाइकं त्या ग्रुपवर आहेत. ‘तू इंजिनियर आहेस, तूच सांग,’ म्हणून मला खाली बोलावलं. माझी पदवी आणि नोकरी संगणकाची, पण सोसायटीत असा फरक कोणी करत नाही.

आम्ही पेट्रोल बाटलीत काढलं. तळाशी अर्धा कप पाणी बसलं. टॉर्च मारला तर डाव्या कोपऱ्यात खपल्या सुटणारा जाड गंज होता. झाकणाचं भोक मातीने गच्च होतं. असा थर आठ दिवसांत धरत नाही, त्याला पावसाळा लागतो. टाकीच्या गंजाच्या बाबतीत गॅरेजवाला नैयायिकांचं गाढव होता: आधी हजर, पण कारण नव्हे.

माझ्या धंद्यात हे रोज घडतं. प्रोग्रामची कुठली ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी एक आज्ञा आम्ही वापरतो. तिचं नावच ‘गिट ब्लेम’. ती फक्त शेवटचा हात दाखवते. त्याने नुसती मोकळी जागा सरळ केली असेल, तरी नाव त्याचंच येतं. शेवटी हात लावणारा डोळ्यांसमोर असतो, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यांत नवखा किंवा सगळ्यांत कमी पगाराचा असतो. पावसाला, धोरणाला किंवा कंपनीला आठशे रुपये मागता येत नाहीत. गॅरेजवाल्याचे अडवता येतात. कारण निवडताना आपण नकळत वसुलीची सोय पाहतो.

पण एवढ्याने गॅरेजवाला पूर्ण सुटत नाही. चौदा महिने उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये तपकिरी चिखल निघाला होता, हे त्यानेच सांगितलं. तो पाहिल्यावर टाकीत डोकावणं किंवा निदान काकांना सांगणं हे त्याच्या कामात येतं. गंज त्याने आणला नाही, पण दुसऱ्यांदा कार्बोरेटर भरला तो टळला असता. त्याच्या वाट्याला येतं ते इतकंच: पुन्हा साफ करायची मजुरी घेऊ नये. टाकीचा खर्च त्याच्यावर येत नाही आणि आधीचे आठशे त्याला मिळायला हवेत. तो लगेच कबूल झाला.

काका मात्र म्हणाले, ‘म्हणजे माझंच चुकलं.’ ते चौदा महिने काकूंच्या केमोथेरपीचे होते, हे खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

इथे प्रश्न खरा अवघड होतो. काकांनी टाकी रिकामी केली नाही, भोक साफ केलं नाही, हे घटनाक्रमात बसतं. पण टाकी मीही रिकामी केली नाही, वॉचमननेही नाही. ‘न करणं’ हे कारण मानायचं तर जगातला प्रत्येक माणूस त्या गंजाचं कारण ठरेल. त्यातून आपण काकांनाच वेगळं काढतो, कारण गाडीची काळजी घेणं त्यांच्याकडे होतं असं आपण आधीच धरून चालतो. म्हणजे न केलेल्या गोष्टीला कारण म्हणताना त्यात कर्तव्य आधीच मिसळलेलं असतं. आणि कर्तव्य मोजायचं तर त्या माणसापुढे तेव्हा दुसरं काय होतं तेही मोजावं लागतं. पहाटे हॉस्पिटलला निघणाऱ्या माणसाने झाकणाच्या भोकात तार घातली नाही, यात चूक काय?

मी तेच म्हणालो, थोड्या कमी शब्दांत. गंज गाडी उभी राहिल्यामुळे धरला. गाडी उभी ठेवण्यात चूक नव्हती. तरी टाकीचा खर्च काकांचाच, कारण गाडी त्यांची. कारण असणं, दोषी असणं आणि नुकसान सोसणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच माणसाच्या गळ्यात बांधायला बघतो. नुकसान झालं म्हणजे कोणीतरी चुकलंच असणार, असं धरलं की दोनच वाटा उरतात: दुसऱ्याला धरायचं किंवा स्वतःला. काकांनी आधी पहिली वाट धरली, ती बंद झाल्यावर दुसरी. मला वाटतं, गॅरेजवाल्यावरचा त्यांचा राग त्या दुसऱ्या वाटेच्या धास्तीतूनच आला होता.

कोणी म्हणेल, अशाने जबाबदारीच विरघळून जाईल. प्रत्येक जण परिस्थितीकडे बोट दाखवील. मला उलट वाटतं. पंपावर पाणी मिसळणाऱ्याला नेमकं धरायचं असेल, तर तेवढ्यासाठी तरी आधी बाटलीत पेट्रोल काढून पाहावं लागतं, आणि पाणी पंपाचं की पावसाचं हे ठरवावं लागतं. ‘काय घडलं’ याचं उत्तर मिळण्याआधी ‘कोणी भरायचं’ हे ठरलं, तर बाटली कोणी काढतच नाही. मग टाकी बदलली तरी झाकणाचं भोक बुजलेलंच राहतं, आणि पुढचा पावसाळा नव्या पत्र्यावर तेच काम सुरू करतो.